कॉफी उकळेपर्यंत एक ओळ

लिपिना, ४ फेब्रुवारी २०१४

प्रिय मार्का,

आधी खाली बस. बसलीस? आता वाच. परवा रविवारी आमच्या लेंकाचा बाप्तिस्मा झाला आणि तिची धर्ममाता म्हणून चर्चमध्ये तुझं नाव लागलं. तुझ्या जागी शेजारची हान्का पोरीला घेऊन उभी राहिली. फादरना मी सांगितलं, नणंदेला ताप आहे. खोटं बोलले त्याचं प्रायश्चित्त मी करीन, तू त्याची काळजी करू नकोस. तुला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. इतकं साधं आहे.

तुझ्या दादालाही चर्चमध्येच कळलं. फादरनी नाव घेतलं आणि मेर्चिनची मान अशी ताठ झाली की म्हटलं, आता हा उठून जातो. नाही गेला. घरी आल्यावर दुधाच्या बादल्या जरा जास्तच आपटल्या, बस्स.

मामंजींच्या दफनानंतरचं जेवण मी विसरलेले नाही. तू कुठल्याशा परदेशातल्या भिंतीवर चित्र काढत होतीस, पोचलीस ती थेट दफनाला. आणि मेर्चिन सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाला, "हिला हिची चित्रं आहेत, हिला आपण कशाला हवेत?" तू कोट घालून जी गेलीस ती गेलीसच. तेव्हापासून या घरात तुझं नाव कुणी काढत नाही. मी काढते, पण मी बाहेरून आलेली, माझं कोण ऐकतंय!

आता ईस्टरला धर्ममातेनं अंडी द्यायची असतात, हे तुला मी काय सांगायचं. स्वतःच्या हातानं रंगवलेली आणि स्वतःच्या हातानं दिलेली. विकतची आणलीस तर हान्का गावभर डांगोरा पिटेल. सोबतच्या खोक्यात फुंकून रिकामी केलेली अंडी आहेत, हंसाची पिसं टोकं कापून ठेवलीत, आणि आपल्या मधाच्या पोळ्यांतलं मेण आहे. फोनवर तू नुसती "हं, हं" करतेस, म्हणून हे पत्र.

तुझी वहिनी,
बोर्बोरा

*

लाइप्झिग, ११ फेब्रुवारी

वहिनी,

धन्य आहेस तू! फादरना सांगितलेलं खोटं राहू नये म्हणून की काय, तुझं पत्र वाचून मला खरंच ताप भरला.

हे जमायचं नाही. का ते सांगते, म्हणजे पुन्हा विचारणार नाहीस. बाबांच्या त्या जेवणानंतर मी एक रेघ ओढलेली नाही. शाळेत पोरांना चित्रकला शिकवते ती खिशात हात घालून. "हिरवा जरा जास्त झाला बघ," असं म्हणते आणि पुढच्या बाकाकडे सरकते. घरी चित्रांच्या टेबलावर इस्त्रीचे कपडे असतात. ब्रश हातात घेतला की दादाचं ते वाक्य ऐकू येतं, आणि वाटतं, या चित्रांपायीच बाबांची शेवटची भेट हुकली. मग हात चालत नाही. दमलेय, आळशी झालेय, असलं काही नाही. हात चालत नाही, एवढंच.

तुझं खोकं आल्यावर तसंच ठेवलं होतं. शेवटी उघडलं. आणि लगेच डोक्यात चक्रं फिरायला लागली. अंड्यावर ईस्टरची अख्खी घोडेस्वारांची मिरवणूक काढायची, काळ्या टोप्या, घोड्यांच्या शेपटांना बांधलेल्या फिती, मागे लिपिनाचं चर्च. असं अंडं की दादाची वाचाच बसली पाहिजे. तासभर नुसती विचार करत बसले आणि खोकं बंद केलं.

शिवाय त्या घरात माझं अंडं ठेवायचं कुठे? दादा ते कोंबड्यांना घालेल. हान्कालाच करून टाक धर्ममाता, उभी राहिलीच आहे.

मार्का

*

लिपिना, १७ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

(रागावले की मी अशीच हाक मारते, ठाऊक आहे ना?)

हान्काला धर्ममाता करू? ती पोरीला अंडी देईल आणि जन्मभर ती मोजून दाखवेल. नको गं बाई.

मिरवणूक म्हणे! अगं, पाच महिन्यांच्या पोरीला प्रदर्शन भरवून दाखवायचंय का तुला? ती अंड्याला आधी चाटणार आहे. आणि दादाची वाचा कशाला बसवायचीस, ती तर आधीच बसलेली आहे.

हे बघ, अंडं करायचंच नाही. सकाळी गॅसवर कॉफी ठेवतेस ना? ठेव. शेजारी वाकवलेल्या चमच्यात मेण वितळव. कॉफी वर येईपर्यंत पिसाच्या टोकानं टिंबांची एक ओळ टेकव. कॉफी वर आली की पीस खाली. ओळ अर्धी राहिली तरी खाली. चांगली झाली की वाईट हे बघायचं नाही, कॉफी प्यायची आणि शाळेत जायचं. ईस्टर विसर, लेंका विसर, मला तर विसरच.

मी असंच जगते हल्ली. चाळिशी उलटल्यावर मूल झालं, तेव्हा वाटायचं, सगळं छान व्हायला हवं, आदर्श आई व्हायला हवं. पहिल्या महिन्यातच हात टेकले. आता सकाळी उठून एवढंच ठरवते, आज पोरीला न रडवता आंघोळ घालायची. जमलं तर जमलं. उद्याचं उद्या.

तुझ्या दादाच्या बाबतीतही तेच. आठवड्यातून तुझ्याबद्दल एकच वाक्य बोलायचं, जास्त नाही. या आठवड्यात मी म्हणाले, "मार्काच्या शाळेला सुट्टी आहे." त्यानं मान वर केली नाही. पण ताटावरून उठलाही नाही.

बोर्बोरा

*

लाइप्झिग, ३ मार्च

प्रिय वहिनी,

हसू नकोस. हसणारच आहेस, माहीत आहे.

कॉफी ठेवत गेले. पहिल्या दिवशी टिंबांच्या जागी नुसते मेणाचे ओघळ. तरी तू सांगितलंस तसं पीस खाली ठेवलं आणि कॉफी प्यायले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. असं करत करत एक अंडं भरलं. फुलं काढली होती, हव्या होत्या गडद लाल पाकळ्या आणि अंड्याचं अंग फिकं. पाकळ्यांवर नीट मेण भरलं, अंडं लाल रंगात बुडवलं, मेणबत्तीजवळ धरून मेण पुसलं. बघते तर काय! अंग लालभडक आणि पाकळ्या पांढऱ्या फटक!

कप्पाळ माझं! जिथे मेण तिथे रंग लागत नाही, हे लिपिनातलं शेंबडं पोरही सांगेल. लहानपणी मीही शेकड्यानं केली असतील. पण मधे इतकी वर्षं ब्रश चालवला ना, की हाताला सवय लागली, जिथे रंग हवा तिथेच टेकायचं. इथे सगळं उलटं. जे राखायचं ते झाकायचं, आणि उरलेलं सोडून द्यायचं. कुठे काय झालंय ते शेवटपर्यंत दिसत नाही.

त्या उलट्या अंड्याकडे बघून मी स्वयंपाकघरात एकटीच मोठमोठ्यानं हसले. शेजारच्या बाईनं भिंतीवर थाप मारली.

ते अंडं खिडकीत ठेवलंय. अजून अंडी असतील तर पाठव. नसतील तर राहू दे. लेंकाचे डोळे कुणासारखे आहेत? सहज विचारलं.

मार्का

*

लिपिना, १० मार्च

प्रिय मार्का,

हसले. इतकी हसले की लेंका दचकली आणि मग तीही हसायला लागली. कशाला हसतेय तिला काय कळतंय, पण आत्याच्या नावानं हसली, हे लिहून ठेवते.

डोळे मेर्चिनचे. म्हणजे तुझेच. भुवया मात्र माझ्या, त्याबद्दल पोरीची माफी मागते.

अंडी पाठवतेय. फुंकून फुंकून गाल दुखले माझे, तेव्हा वाया घालवू नकोस. प्रत्येक अंडं लोकरीत गुंडाळलंय, सांभाळून काढ.

या आठवड्यातलं वाक्य होतं, "मार्कानं उलटं अंडं केलं." मेर्चिनचा चमचा सूपमध्येच थांबला. मग म्हणाला, "उलटं म्हणजे कसं?" तीन वर्षांत पहिल्यांदा तुझ्याबद्दल काही विचारलं त्यानं! मी शांतपणे सांगितलं, जसं काही रोजचंच आहे. तो मान खाली घालून सूप प्यायला लागला, पण त्याचे खांदे हलत होते गं. रडत नव्हता, हसत होता.

दुसरं वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. एक म्हणजे एक.

बोर्बोरा

*

लाइप्झिग, २४ मार्च

वहिनी,

काय लिहू आणि कसं लिहू, ते कळत नाही. दोन गोष्टी झाल्या. आधी पहिली सांगते.

काल रविवार. कॉफी ठेवली आणि नव्या अंड्यावर ओळ धरली. या अंड्यावर आठवडाभर काम चाललंय, टिंबं, लांडग्याच्या दातांचे त्रिकोण, पुन्हा टिंबं. मेण नेमकं हवं तेवढं पातळ झालं होतं. पीस टेकवायचं, उचलायचं, अंडं एवढंसं फिरवायचं. टेकवायचं, उचलायचं. मधे कधीतरी कसलासा वास आला, पण तो दुसऱ्याच कुणाच्या घरातून येतोय असं वाटलं. मी मान वर केली तेव्हा उन्हानं खिडकी सोडली होती, कॉफीचं भांडं जळून काळं झालं होतं, आणि भूक अशी लागली होती की पाव तसाच तोडून खाल्ला.

वहिनी, मी तिथे नव्हतेच गं! दादाचं वाक्य नव्हतं, बाबांचं दुःखही नव्हतं, शाळा नव्हती. नुसता हात होता आणि तो फिरणारा गोल. कुठे टेकायचं ते हाताला माझ्या आधी कळत होतं. इतकी चित्रं काढली मी, मोठमोठ्या भिंती रंगवल्या, पण असं झालेलं मला आठवत नाही. किंवा लहानपणी झालं असेल, तेव्हा त्याला नाव नव्हतं. मी नंतर बराच वेळ त्या एवढ्याशा अंड्यासमोर हात जोडल्यासारखी बसून होते.

आता दुसरी गोष्ट. अंडं पिवळ्या रंगात बुडवलं आणि वर काढलं. एका बाजूला मी काही काढलं नव्हतं, तिथे सपाट पिवळं यायला हवं होतं. तिथे अंगठा उमटला. माणसाचा अंगठा, पांढरा, एकेक रेष स्पष्ट. कुणाचा तरी तुपालोण्याचा हात कवचाला लागला होता आणि तिथे रंग धरला नव्हता.

आधी वाटलं, तुझाच वेंधळेपणा. मग खिडकीपाशी नेऊन नीट बघितलं. वहिनी, तुझा अंगठा एवढा मोठा कधीपासून झाला? आणि त्यावर ती तिरपी चीर कुठून आली? ती चीर मला माहीत आहे. गवत कापायच्या यंत्रात दादाचा अंगठा सापडला तेव्हा शेतात आम्ही दोघंच होतो. माझ्या केसांची फीत सोडून मी ती बांधली होती.

खरं सांग. अंडी कोण फुंकतं?

मार्का

*

लिपिना, २९ मार्च

मार्का, बाई गं,

पकडलंस! सुटले एकदाची. गाल दुखले वगैरे सगळी थाप. माझ्यानं एक अंडं फुंकवत नाही, मला चक्कर येते.

पहिल्या खोक्यापासून तोच. बाप्तिस्म्याच्या संध्याकाळी बादल्या आपटून झाल्यावर घरात आला, टोपलीतली अंडी घेतली आणि खिडकीपाशी एकेक उजेडात धरून बघायला लागला. मी विचारलं, काय करतोस? तर म्हणे, "पातळ कवचाचं नको तिला. गरम मेणानं तडकतं." तिला! नाव घेतलं नाही, पण मी समजायचं ते समजले. मग तो फुंकायला बसला. चेहरा बिटासारखा लाल, मिशीला बलक, आणि मला दम, "तिला सांगितलंस तर बघ." लोकरीत गुंडाळतो तोच. व्हिनेगरनं धुतोही तोच, तेलकट बोट राहू नये म्हणून. पण दुसरं खोकं बंद करताना याचं समाधान होईना, लोणी-पाव खाता खाता पुन्हा एक अंडं काढून उजेडात धरलं. मी म्हटलंही, अरे, हात! त्याला वाटलं पुसला.

मी तुझं पत्र गोठ्यात उभी राहून वाचलं. तो शेजारीच दूध काढत होता, आणि मी त्याच्या अंगठ्याकडे अशी बघत राहिले की जणू जन्मात पहिल्यांदा बघतेय. त्यानं विचारलं, "काय झालं?" म्हटलं, काही नाही. मार्का, इतकी वर्षं संसार केला मी या माणसाशी, आणि तो काय काय गप्प ठेवून फिरतो ते मला एका अंड्यावरून कळावं!

त्याला अजून सांगितलेलं नाही. सांगू का? तू म्हणशील तसं. मात्र ते अंडं टाकू नकोस, पायाशी येऊन विनवते.

बोर्बोरा

*

लाइप्झिग, ९ एप्रिल

प्रिय वहिनी,

सांगू नकोस.

अंडं पाठवतेय, तेच. शेवटचा काळा रंग देऊन झाला. पण मेण उतरवलेलं नाही. आत्ता ते चुलीतल्या कोळशासारखं दिसतंय, आणि आत काय झालंय ते मलाही ठाऊक नाही. दोनदा मेणबत्ती लावली, दोनदा विझवली. हात धजत नाही. ते दादानं उतरवावं. बिघडलेलं निघालं तर खुशाल कोंबड्यांना घालू दे.

ईस्टरला येऊ का, असं तू विचारायच्या आतच सांगते. मला यायचंय. फार यायचंय. लेंकाला मांडीवर घ्यायचंय. पण या वेळी तुझं बोलावणं चालणार नाही वहिनी, तू एकदा मला न विचारता धर्ममाता केलंस, तेवढं पुरे. ज्यानं जा म्हटल्यासारखं केलं त्यानं ये म्हणायला हवं. नाही म्हणाला तर अंडं हान्काच्या हातून दे, आणि मी वाईट वाटून घेणार नाही, असं खोटंच लिहिते.

मार्का

*

लिपिना, १३ एप्रिल, ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार

मार्का,

मी पत्रं लिहीत नाही, तुला माहीत आहे. बोर्बोरा म्हणाली, मी लिहिते, तू सांग. मी म्हटलं, नको.

चर्चमधून आलो तर टेबलावर तुझं अंडं. बोर्बोराच्या कडेवर पोरगी. म्हणाली, माझे हात अडकलेत, तूच उतरव मेण. मला वाटलं, हिचं काहीतरी नेहमीचं. मेणबत्ती लावली. अंडं ज्योतीच्या कडेला धरलं, मेण चकाकायला लागलं की फडक्यानं पुसायचं, आई करायची तसं. पहिल्यांदा दात निघाले, लाल. मग टिंबं, पिवळी, इतकी बारीक की माझा श्वास लागून हलतील असं वाटलं. मी पुसत गेलो. एकही ओळ वाकडी नाही. मी विचारलं, हे माणसाच्या हातानं केलंय? बोर्बोरा रडत होती, मला उगाचच काळजी वाटली.

मग दुसरी बाजू फिरवली आणि पुसली, आणि तिथे अंगठा होता. पांढरा. मी बघतच राहिलो. माझा अंगठा शेजारी धरून बघितला. चीर तीच. लोण्याचा हात. तुला सापडलो म्हणजे मी. आणि त्याला चिकटून दुसरा अंगठा, पिवळा, बारीक. तो तू मुद्दाम लोणी लावून टेकवलास, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. दोघांच्या भोवती तू लांडग्याचे दात काढलेस, गोल, कुंपणासारखे, कुठेही फट नाही. आत काळं काही शिरू नये म्हणून काढतात ते दात. हे सगळं तू कॉफी उकळेपर्यंत केलंस असं बोर्बोरा म्हणते. मला खरं वाटत नाही. मी चाळीस डुकरं आणि बारा गाई बघतो, मला वाटायचं मी काम करतो.

त्या जेवणाच्या वेळी मी बोललो ते दुःखात बोललो, पण तुलाच लागेल असं बघून बोललो. बाबा शेवटी तुझीच चित्रं बघत होते, उशाशी लावून घेतली होती, मला नीट ठेव म्हणाले होते. हे तुला सांगायचं राहिलं. सांगायला पाहिजे होतं.

अंडं मी लेंकाला दिलेलं नाही. धर्ममातेनं स्वतः द्यायचं असतं. कपाटात ठेवलंय, हान्काला दिसणार नाही असं.

आणखी एक. दुपारी मी नवं अंडं फुंकलं, धुतलं, वाळवलं. लेंकाचा अंगठा लोण्यात बुडवला. पहिला तिनं सरळ तोंडात घातला. दुसऱ्या वेळी टेकवता आला. अंडं खिडकीत आहे. नुसतं पांढरं दिसतंय. उजेडात धरून फिरवून फिरवून बघितलं, कुठे काही दिसत नाही. पण आहे. रंग लावल्याशिवाय दिसायचं नाही आणि रंग तूच लावायचा. पिवळा भिजवून ठेवतो.

शनिवारी कुठल्या गाडीनं येतेस ते कळव. मी स्टेशनवर आहे.

दादा